पुढचे चार दात

४ जून

प्रिय मावशी,

पत्रासोबत एक खोका पाठवलाय. हळू उघड, आत माझं तोंड आहे. म्हणजे माझ्या वरच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा. इथले दंतवैद्य तो त्यांच्या नेहमीच्या लॅबला पाठवणार होते, पण मी म्हटलं, माझी सख्खी मावशी पस्तीस वर्षं दातच बनवतेय, मी परक्याच्या हातचे का घालू? फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही (घासायच्या मशीनने तुझे कान खाल्ले असं आई म्हणते) आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस.

झालं असं. आमचं चष्म्याचं दुकान जुन्या मालकांनी एका मोठ्या कंपनीला विकलं हे तुला ठाऊक आहेच. नवे मॅनेजर आले, नवे दिवे आले, नवे आरसे आले. मागच्या आठवड्यात काउंटरवरच्या आम्हा सहाजणांचे हसतानाचे फोटो काढले, दारापाशी मोठे करून लावायला. पाच लागले. मग मला केबिनमध्ये बोलावून मॅनेजरांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं की तुमचं काम उत्तम आहे, पण काउंटर म्हणजे दुकानाचा चेहरा, आणि तुमचे पुढचे दात जरा... इथे ते थांबले आणि स्वतःच्याच दातांवरून बोट फिरवलं. जूनअखेर दात करून घ्यायचे, खर्च कंपनी करेल. नाहीतर मागे भिंगं घासायच्या खोलीत जायचं.

माझे दात तू पाहिलेच आहेस. थोडे पुढे, आणि मधले दोन एकावर एक चढलेले. तार लावून ते सरळ व्हायला दोन वर्षं लागतील, आणि माझ्याकडे चार आठवडेही नाहीत. म्हणून पुढचे चार दात घासून बारीक करायचे आणि त्यांवर कॅप बसवायच्या असं ठरलंय. चोवीस तारखेला घासणार. त्याआधी तू या साच्यावर मेणाचे दात करून पाठव, म्हणजे कसे दिसतील ते कळेल. खऱ्या कॅप नंतरच्या मापावर कर.

आई खूश आहे. जन्मात पहिल्यांदा माझ्या एखाद्या गोष्टीला ती 'नीट विचार कर' म्हणाली नाही. म्हणाली, मावशीकडेच पाठव, तिचा हात चांगला आहे, मला विचार.

तुझी,
खारुताई


९ जून

खारुताई,

तुझं तोंड सुखरूप पोचलं. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंना ते वाक्य वाचून दाखवलं तर त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला हसू आलं नाही.

साचा टेबलावर ठेवून तासभर बघत बसले. एक कीड नाही, एक चीर नाही. हे दात अजून पन्नास वर्षं अक्रोड फोडतील. आणि ते तू घासायला निघालीस. बाई गं, घासणं म्हणजे भांडी घासणं नव्हे. दाताचं कवच एकदाच मिळतं. ते सगळीकडून उतरवतात आणि खाली पेन्सिलीच्या टोकासारखा खुंट उरतो. त्याच्यावर टोपी. ती दहा-बारा वर्षांनी बदलायची, मग आणखी एकदा, आणि तोवर आतली नस कधी मरेल त्याचा नेम नाही. गेलेलं कवच परत आणणारा कारागीर मी अजून पाहिलेला नाही, आणि मी स्वतः बरी कारागीर आहे.

सुंदर दातांचं तर मला काही सांगूच नकोस. माझ्या कपाटात ते डब्या-डब्यांनी आहेत. कारखान्यातून पत्त्यांसारखे मांडून येतात, सहा-सहाचा संच, नंबर घातलेले. साठ टक्के गिऱ्हाइकं एकच नंबर मागतात. तो मुळात कुणाच्या तोंडावरून घेतला देव जाणे, पण या गावात निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्या एका अनोळखी माणसाचं हसू फिरतंय. मला रस्त्यातून जाताना ओशाळल्यासारखं होतं.

आणि हे सगळं कशासाठी, तर भिंतीवर फोटो लागला नाही म्हणून? तू लहानपणी एवढी नटवी नव्हतीस. आरशांच्या दुकानात बसून बसून डोक्यात गेलेलं दिसतंय.

मेण लावणार नाही. साचा परत पाठवणार नाही. आईला म्हणावं, माझा हात चांगला की वाईट यावर तिने तरी बोलू नये.

मावशी


१३ जून

मावशी,

मी नटवी नाही. तू पत्र नीट वाचलं नाहीस, किंवा मी नीट लिहिलं नाही. मला फोटो नकोय. मला काउंटर हवाय.

माणूस चष्मा घालून आरशासमोर बसतो ना, तेव्हा तो आरशात बघत नाही. माझ्याकडे बघतो. मी काय म्हणते त्याची वाट बघतो. पहिल्यांदा जाड भिंग लागलेली दहावीतली पोरगी, बायको गेल्यावर पहिल्यांदा एकटाच चष्मा घ्यायला आलेला माणूस, सगळे. आणि पाच वर्षांत मी एकालाही खोटं सांगितलेलं नाही. शोभत नसेल तर शोभत नाही म्हणते आणि दुसरी फ्रेम काढते. म्हणून लोक मला मागतात. हे एकच काम मला खरोखर येतं. मागच्या खोलीत मशीन भिंग कापतं आणि माणसाने पाणी चालू आहे ना एवढं बघायचं असतं. तिथे मी कुणाला काय सांगू, भिंगांना?

तुझं सोपं आहे. तू दार लावून प्लॅस्टरशी बोलतेस. नोकरीसाठी तुझा चेहरा कधी कुणी मागितला नाही. मला चार दात द्यायचेत आणि बदल्यात माझी जागा राहणार आहे. सौदा वाईट आहे हे मलाही कळतं. दुसरा आहे का तुझ्याकडे?

आणि एक सांगू? माझ्या दातांत बघण्यासारखं काही आहे हे मला आरशाने सांगितलं नव्हतं. मी सात वर्षांची होते, नवे दात नुकते आले होते, आणि तू सगळ्यांसमोर हसून म्हणालीस, ही बघा आमची खारुताई आली. घर हसलं. मीही हसले, कारण तू लाडाने म्हणालीस. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड मिटून हसायला शिकले. मॅनेजर तर कालचा आला.

तू नाही केलंस तर इथली लॅब करेल. चोवीस तारीख पक्की आहे.

तुझी भाची


१८ जून

बाळ,

ते नाव मी मागे घेते. सतरा वर्षं उशीर झाला, पण घेते.

आता जे लिहिते ते न लिहिण्याची तुझ्या आईने मला शपथ घातलेली आहे. मोडते. चोवीस तारखेच्या आत हे पत्र तुला मिळायला हवं म्हणून स्वतः पोस्टात जाऊन टाकणार आहे.

तुझ्या आईचे वरचे पुढचे चार दात तिचे नाहीत. मी केलेले आहेत. टाळूला बसणारी एक पट्टी, बाजूच्या दातांना अडकवायला दोन तारा, आणि पुढे चार दात. ती बाथरूमचं दार लावून चूळ का भरते, याचा तू कधी विचार केला नसशील.

ताईचे मूळचे दात अगदी तुझे होते. साचा समोर ठेवून तासभर बसले ती त्यामुळे. ती तेवीस वर्षांची होती, नाटकात कामं करायची हे तू ऐकलंयस. पण कसली कामं ते ऐकलं नसशील. मोलकरीण, खाष्ट सासू, आणि एकदा चेटकीण. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस पुढे सरकून बसायचा, पण नायिका कधी नाही. ती घरी येऊन स्वतःच नकला करायची आणि आम्ही हसायचो. मी एकोणीस वर्षांची, लॅबमध्ये शिकायला लागून सहा महिने झालेले. नव्याची नवलाई अंगात. मी तिच्या मागे लागले. म्हटलं, ताई, काढून टाक ते, मी तुला मोती बसवते. एका दुपारी दंतवैद्याने तिचे चार ठणठणीत दात उपटले. ट्रेमध्ये पडलेले मी पाहिले. मला त्या वेळी फक्त पट्टी कशी बसेल याची घाई होती.

ती सुंदर दिसली. हे खोटं नाही सांगत. अकरा वर्षं नायिका झाली. मग हिरडी झिजली, पट्टी सैल झाली आणि एका प्रयोगात वाक्याच्या मध्येच दात खाली आले. तिने तोंडावर हात नेला. तू वर्षाची होतीस. तुला सांगतात की तुझ्यासाठी नाटक सोडलं, ते तसं नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. पडदा पडायच्या आत उठून बाहेर गेले, आणि दोन महिन्यांत इकडे नोकरी धरली. आजतागायत आम्ही त्या रात्रीबद्दल एक शब्द बोललेलो नाही. ती अजून तोंडावर हात धरून हसते, आणि दर वेळी मला वाटतं तो हात मी तिथे ठेवलाय.

एका बहिणीचा चेहरा मी ठरवला. तिच्या मुलीचा ठरवायला मला सांगू नकोस. जाऊ नकोस चोवीस तारखेला. माझ्याकडे दुसरा सौदा नाही, खरं आहे. तरी जाऊ नकोस.

मावशी


२० जुलै

प्रिय मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं खूप होतं म्हणूनच.

तुझं पत्र बावीसला मिळालं. तेवीसला मी दंतवैद्यांची वेळ रद्द केली आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, दात माझे आहेत, भिंत तुमची आहे. भिंतीवर मला लावू नका, पण दात राहतील. ते म्हणाले, विचार करा. म्हटलं, झाला. एक जुलैपासून मी मागच्या खोलीत आहे.

खोली बरी आहे. पाणी चालू आहे ना ते मी बघते. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे, तिथून काउंटरवरची पोरं डोकं घालून विचारतात, 'ताई, चेहरा गोल, नाक बसकं, काय दाखवू?' पहिले पंधरा दिवस मी सांगत राहिले. परवा मनात आलं, मी का सांगतेय? माझी जीभ चालते आणि दात चालत नाहीत, हा कुठला न्याय? आता मी सांगते, बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पोरं बिचारी ओशाळतात. त्यांचा काय दोष.

आता आईचं. तुझं पत्र मी तिला दाखवलं. चुकलं असेल, पण तुझी शपथ तू मोडलीस, मग मी ते तिच्यापासून लपवून ठेवण्यात काय अर्थ होता? तिने उभ्या उभ्या वाचलं. मग तोंडातून पट्टी काढून माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, 'बघ. बघायचं होतं ना?' तिचा वरचा ओठ आत गेला. ती माझी आजी दिसायला लागली. मी काही बोलायच्या आत पट्टी उचलून खोलीत गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. मी दात करायला नाही म्हटलं त्याचाही राग आहेच.

तू म्हणतेस तेच खरं. त्या दातांनी तिला उद्ध्वस्त केलं आणि तिला ते बोलताही येत नाही. मला तिची फार दया येते.

तुझी,
खारुताई (नाव माझं आहे, मी ठेवून घेतलंय. परत मागू नकोस.)


२६ जुलै

बारके,

तुझी भाची तुला लिहिते ती पत्रं अर्धवट लिहून टेबलावर टाकून जाते. वाचली. तुझंही वाचलंय. तेवीस वर्षांत तू मला एक धड पत्र लिहिलं नाहीस, आणि लिहिलंस ते माझ्या मुलीला, माझ्याबद्दल. धन्य आहेस.

आता मी सांगते, आणि मध्ये बोलू नकोस.

तू माझ्या मागे लागलीस? तू एकोणीस वर्षांची शेंबडी पोर, तुझ्या सांगण्यावरून मी डोक्याला तेलसुद्धा लावलं नसतं. दात काढायचे हे मी आधीच ठरवलं होतं. त्या चेटकिणीच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, विंगेत उभी राहून. दंतवैद्याकडे दोनदा जाऊन आले होते, तुला माहीतसुद्धा नव्हतं. तू मोती-मोती करत आलीस तेव्हा मनात म्हटलं, चला, घरातच कारागीर मिळाली. निर्णय माझा होता. तीस वर्षांहून जास्त काळ तू तो माझ्याकडून काढून स्वतःच्या छातीशी धरून रडत बसलीस. तो माझा आहे. परत दे.

आणि मला पश्चात्ताप नाही. लिहून ठेव. अकरा वर्षं मी या गावातली सगळ्यात देखणी बाई होते आणि मला ते भयंकर आवडलं. दिवे तोंडावर यायचे तेव्हा मी मुद्दाम हनुवटी वर करायची. लोक माझे दात बघायचे आणि मी त्यांना बघू द्यायची. मुलीला 'करून घे' म्हणाले ते तिला लाजून नव्हे. मला जे सुख झालं ते तिला व्हावं म्हणून. ती नाही म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही माझ्यावर थुंकली. आता तसं वाटत नाही. तिला नको असेल तर नको. तिचं तोंड, तिचा कारभार. पण ती तुला लिहिते की तिला माझी दया येते. दयेचं मी काय करू? तिला तू शिकवलीस ती.

आता तुझा खरा गुन्हा. त्या रात्री पट्टी पडली, माझी लाज गेली, ठीक. मी विंगेत येऊन तुझी वाट बघत बसले. वाटलं, बारकी आत्ता येईल, पट्टी हातात घेईल, म्हणेल, ताई, हिरडी झिजली गं, उद्या ये, पट्टीला आतून अस्तर भरून देते. दीड तासाचं काम. पुढच्या शनिवारी मी परत उभी राहिले असते. तू आली नाहीस. तू गाव सोडून गेलीस. मग मी वाट बघितली की आता येईल, पुढच्या सुट्टीत येईल. तू यायचीस, जेवायचीस, आणि माझ्या तोंडाकडे सोडून सगळीकडे बघायचीस. गावभरच्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या तू बसवून दिल्यास, आणि तुझी सख्खी बहीण सैल पट्टी घेऊन तेवीस वर्षं जेवतेय. तो हात लाजेचा नाही, मूर्ख मुली. पट्टी पडू नये म्हणून धरायचा आहे.

दुसऱ्याकडून का करून घेतली नाही? मी ती तुझ्याच हातून करून घेणार होते म्हणून. हट्टी मीही कमी नाही.

सोबत नवं माप आहे, आणि जुनी पट्टीही. नवी येईस्तोवर मी तशीच हिंडेन. बघू दे लोकांना.

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मध्ये बोलले नाही.

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही मला खोडता येत नाही. तुझी जुनी पट्टी नव्या मापावर बसवून बघितली तर आतून काडी जाईल एवढी जागा मोकळी होती. अशा पट्टीने तू घास कसा चावत होतीस? माझ्याकडे कुणी परकी बाई अशी पट्टी घेऊन आली असती, तर तिच्या घरच्यांना मी फाडून खाल्लं असतं. त्या रात्री मला तुझी हिरडी दिसायला हवी होती. मला माझंच पाप दिसलं. त्याचं मी इतकं कौतुक केलं की तुला काय हवंय ते विचारायचं राहिलं. चुकले. मला याहून मोठा शब्द सापडत नाही.

या खोक्यात मेणातली पट्टी आहे. दात नुसते मेणात रोवलेत, अजून हलवता येतात. तोंडात घालून बघ, दोन्ही बाजूंनी दात मिटून, बोलून, पाणी पिऊन. बसायला चोख आहे, ते मी छातीठोक सांगते. आणि ताई, दात मी तुझे लावलेत. तुझ्या मुलीचा साचा समोर ठेवून, थोडे पुढे, मधले दोन एकावर एक, जसे होते तसे. प्रत्येक दात हाताने घडवला, डबीतला एकही नाही. अकरा दिवस लागले. जे मी तुझ्यातून काढून घेतलं ते परत करतेय असं समज.

आरशात बघ आणि सांग.

बारकी


२२ ऑगस्ट

बारके,

खोका मिळाला. पट्टी घातली. बसते कशी, तर जणू तिथेच उगवली. बोलले, पाणी प्याले, सफरचंद मात्र मेणाला भिऊन खाल्लं नाही. तुझा हात चांगला आहे, मला विचार.

पण हे दात कुणी सांगितले होते तुला? पत्रात मी एका ओळीत तरी लिहिलं होतं का, की मला जुने दात हवेत? परत तेच केलंस. तेव्हा म्हणे तू मला सरळ दात दिलेस म्हणून रडलीस, आता वाकडे देऊन पुण्य मिळवायला निघालीस. मला कुणी विचारणार आहे की नाही? आरशात बघितलं तर समोर ती चेटकीण. नको. ते काम मी केलंय, चांगलं केलंय, आणि सोडलंय.

थांब, आधी दुकानातलं सांगते. मग दातांचं.

तुझी भाची घरी काही बोलत नव्हती म्हणून परवा मीच गेले, तोंडात पुढून चार दात नसताना, मुद्दाम. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून सांगितलं आणि दारापाशी त्या पाच फोटोंच्या खाली बाकावर बसले. ती मागच्या खोलीत, तिला मी आल्याचा पत्ता नाही.

एक गृहस्थ आले. झटक्याने तोंडाची डावी बाजू उतरलेली. काउंटरवरचा पोरगा फ्रेमवर फ्रेम चढवतोय, प्रत्येक एका बाजूने घसरतेय, आणि हा प्रत्येकीला म्हणतोय, छान दिसतंय काका. शेवटी ते म्हणाले, मला छान नकोय रे, सरळ बसायला हवाय. पोरगा खिडकीपाशी गेला. आणि बारके, ती बाहेर आली. खिडकीतून सांगितलं नाही, दार उघडून सरळ काउंटरवर आली आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. त्यांना बोलायला लावलं, इकडे-तिकडे बघायला लावलं. हसा म्हणाली. ते म्हणाले, हसू अर्धंच येतं. ही म्हणते, 'मग अर्ध्याचंच माप घेते.' काडी गरम करून एका बाजूने वाकवली, नाकाचं एक पॅड जाड, एक पातळ. अर्धा तास तरी गेला असेल. त्यांनी विचारलं, कसा दिसतो. मी कान टवकारले. म्हणाली, 'डावी बाजू उतरलीये ती दिसतेच, चष्मा काही ती लपवत नाही. पण ही जाड फ्रेम तुमच्या कपाळाला शोभते, आणि आता हा घसरणार नाही.' ते कितीतरी वेळ आरशात बघत होते.

मग मॅनेजर आला आणि हळूच म्हणाला, झालं ना, आता आत जा. ती म्हणाली, जात नाही. आवाज चढवला नाही, पण माझ्या पोटची आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. म्हणाली, 'मला काउंटरवरून काढल्याचं लिहून द्या. कारणाच्या जागी दात वाकडे असं लिहा, खाली सही करा, मी मुकाट्याने आत जाते.' तो म्हणाला, हे वरून ठरलंय. ती म्हणाली, वरच्यांची सही चालेल. तो म्हणाला, वरच्यांचं काही नाही हो, शेवटी गिऱ्हाइकांची आवड असते. तेव्हा ती आमच्याकडे वळली. सात-आठजण होतो. तिने मला बघितलं, ओळख दाखवली नाही. विचारलं, तुमच्यापैकी कुणी सांगितलं होतं? कुणी बोलेना. ते चष्मेवाले गृहस्थ तेवढे म्हणाले, मी नाही. मॅनेजरच्या हातात पेन होतं. ते त्याने खिशाला लावलं आणि केबिनमध्ये गेला. मी मोठ्याने हसले. माझ्या तोंडात होतं काय पडायला?

दोन दिवस झाले, ती काउंटरवर उभी आहे. कागद आलेला नाही. फोटोही लागलेला नाही. उद्या कुणी धाडस करून सही केली तर काउंटर जाईल, कदाचित नोकरीही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिने रात्री मला विचारलं, आई, तुला वाटतं मी दात करायला हवे होते? म्हटलं, मला वाटून काय उपयोग, घालायचे तुला होते. आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी एका ताटात जेवलो. तिला माझी दया वगैरे येत नाही म्हणे आता. नशीब.

तर दातांचं. पट्टी परत पाठवतेय. बसण्यात काडीचा बदल नको. दात सरळ लाव, चारही, एका ओळीत, मी अकरा वर्षं घातले तसे. रंग तू माझ्या वयाला साजेसा पिवळट लावलायस तो काढ, दोन नंबरांनी जास्त पांढरा लाव. तीन लावलास तरी चालेल. लोक म्हणतील, या वयात एवढे पांढरे? म्हणू देत. तुझ्या भाचीचे वाकडे तिच्या तोंडात राहतील आणि माझे सरळ माझ्या. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघी हसू आणि ज्याला बघायचं नसेल त्याने तोंड फिरवावं.

तुझं मत कळवू नकोस, विचारलेलं नाही. दात पाठव. दुखलं, टोचलं, हललं, तर मी लिहीन. बसेपर्यंत लिहीत राहीन.

ताई